युरोपीय आयोगाला खुले पत्र: डिझाइनचा हक्क छोट्या डिझायनरला वापरता येऊ द्या

प्रति,
युरोपीय आयोग, ब्रसेल्स,
आणि डिझाइनविषयक नवा निर्देश आपापल्या कायद्यात आणणारी २७ सदस्य देशांची सरकारं

माननीय महोदय, महोदया,

मी औद्योगिक डिझायनर आहे. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला माझा छोटा स्टुडिओ आहे आणि आमच्या दिव्यांचं ओतकाम कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत होतं. या पत्राची इंग्रजी आणि डच प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठी प्रत इथे जाहीर करते आहे, कारण युरोपात डिझाइनचं काम करणारे आणि पुणे-कोल्हापूर-नाशिकहून युरोपला माल पाठवणारे मराठी लोक आता थोडेथोडके नाहीत. या कायद्याचा फटका त्यांनाही बसतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण डिझाइन कायद्याची, म्हणजे वस्तूचं रूप नकलेपासून जपणाऱ्या कायद्याची, मोठी फेररचना केलीत. नियमावली २०२४/२८२२ ही १ मे २०२५ पासून लागू झाली. निर्देश २०२४/२८२३ प्रत्येक देशाने ९ डिसेंबर २०२७ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे. आधीचा निर्देश १९९८चा होता, तेव्हा आता राहिलेली चूक पुढच्या पिढीच्याच वाट्याला येणार. या फेररचनेत चांगलं बरंच आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. एखाद्या नोंदणीकृत वस्तूची थ्रीडी प्रिंटिंगसाठीची फाइल परवानगीशिवाय बनवणं, उतरवून घेणं, वाटणं हे आता हक्कभंगात मोडतं. पडद्यावरच्या रचनांना आणि हलत्या चित्रांना स्पष्ट जागा मिळाली. एकाच अर्जात वेगवेगळ्या वर्गांतली ५० पर्यंत डिझाइन्स नोंदवता येतात. पण नोंदवलेला हक्क प्रत्यक्ष बजावायची वेळ आली की छोट्या डिझायनरने काय करायचं, हा प्रश्न आपण होता तिथेच सोडलात. आणि आता देशोदेशीचे मसुदे तयार होत असताना आमच्यासारख्यांचा अनुभव कोणी विचारात घेताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या बाबतीत काय झालं ते आधी सांगते.

आमचा एक टेबलावर ठेवायचा दिवा आहे. त्याची बैठक भरीव बिडाची. बैठकीच्या गोलाईला एक तिरकी खाच छेदून जाते आणि जास्तीची वायर त्या खाचेत गुंडाळून ठेवता येते. नुसती वायर अडकवायला साधा खिळाही पुरला असता. त्या रेघेने दिव्याला जे रूप येतं त्यासाठी आम्ही तिच्या मागे लागलो होतो. फाउंड्रीतल्या पॅटर्नवाल्या मामांनी लाकडी पॅटर्न कितीदा तासला असेल. खाच जरा खोल गेली की साचा सुटताना वाळूची कड ढासळायची, आणि उथळ ठेवली की रेघ नुसती ओरखड्यासारखी दिसायची. शेवटी मामांनी कडेला बोट फिरवून सांगितलं, ‘आता सुटंल.’ त्या आकाराची मी रीतसर युरोपीय नोंदणी केली.

नक्कल आणली ती दुसऱ्या एका सदस्य देशातल्या विक्रेत्याने. पत्र्याची पोकळ बैठक, आत वजनासाठी वाळूची पिशवी, वरून काळा रंग. खाचसुद्धा होती, अगदी त्याच वळणाची, पण पातळ पत्र्यात ती इतकी उथळ की वायर तिच्यात बसतच नाही. नक्कल होणं या धंद्यात नवं नाही. पुढे जे झालं ते मला सहन झालं नाही. त्या विक्रेत्याने आपल्या नकलेचीच स्पेनमधल्या आलिकांतेच्या युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयात नोंदणी करून घेतली आणि ते प्रमाणपत्र पुढे करून एका ऑनलाइन बाजारपेठेकडे माझ्याच दिव्याविरुद्ध तक्रार केली. ऐन नाताळच्या हंगामात आमचा दिवा तिथून उतरवला गेला. माझी नोंदणी त्याच्या नोंदणीच्या कितीतरी आधीची होती. बाजारपेठेच्या तक्रार विभागाने दोन्ही प्रमाणपत्रं पाहिली आणि कळवलं, की हा तुमचा आपसातला वाद आहे, तो न्यायालयात सोडवा. तोवर शिरोलीत ओतून, घासून, रंगवून तयार झालेल्या बैठका खोक्यांत भरून पडून राहिल्या. फाउंड्रीचे पैसे मी थकवले नाहीत, पण पुढची ऑर्डर द्यायची हिंमत उरली नव्हती.

याबाबतीत कायदा माझ्या बाजूने आहे, हे मला नंतर नीट कळलं. रस्त्यावरच्या खुणेच्या खांबांवरून स्पेनमध्ये झालेल्या वादात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१२मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की आधीचा नोंदणीधारक नंतरच्या नोंदणीधारकाविरुद्ध थेट हक्कभंगाचा दावा लावू शकतो. आधी त्याची नोंदणी रद्द करून घ्यायची गरज नाही. पण तो दावा लावायचा कशाच्या बळावर? वकिलांनी खर्चाचा जो अंदाज दिला, तो त्या दिव्यावर वर्षभरात मिळणाऱ्या कमाईपेक्षा जास्त होता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की न तपासलेल्या प्रमाणपत्राला बाजारात तपासलेल्या हक्काचं वजन मिळतं. २००३मध्ये युरोपीय नोंदणी सुरू झाली तेव्हापासून आलिकांतेचं कार्यालय डिझाइन नवं आहे की नाही हे तपासत नाही. वस्तू डिझाइनच्या व्याख्येत बसते का आणि ती सार्वजनिक नीतीला धरून आहे का, मुख्यतः एवढं पाहतात आणि नोंद करतात. जलद मार्गाने गेलं तर दोन कामकाजी दिवसांत प्रमाणपत्र हातात येतं. या वेगाचा फायदा मलाही झालेला आहे, त्यामुळे प्रत्येक अर्ज वर्षभर तपासत बसा असं मी म्हणणार नाही. पण प्रवेश इतका सोपा ठेवला, तर चुकीची नोंद काढून टाकणंही तितकंच सोपं असायला हवं. तसं ते नाही. एकेका देशाच्या स्वतंत्र, राष्ट्रीय नोंदणीच्या बाबतीत तर काही देशांत न्यायालयाशिवाय मार्गच नाही. नव्या निर्देशात राष्ट्रीय कार्यालयांमधून नोंदणी रद्द करण्याची सोय आहे खरी, पण ती ऐच्छिक ठेवली आहे. ट्रेडमार्कच्या बाबतीत २०१५च्या निर्देशाने हीच सोय सर्व देशांना बंधनकारक केली. डिझाइनवाल्यांना ती का नाकारली, याचं पटणारं कारण मला अजून सापडलेलं नाही. ऑनलाइन बाजारपेठा तर प्रमाणपत्रावरची तारीखसुद्धा ताडून पाहत नाहीत. ज्याने आधी तक्रार केली तो जिंकला, असा हा व्यवहार आहे.

दुसरी तक्रार न्यायालयांची. हक्क एक आहे आणि तो २७ देशांत चालतो, असं आम्हाला सांगितलं जातं. नोंदणीच्या दिवशी ते खरंही असतं. दावा लावायच्या दिवशी मात्र आधी ठरवावं लागतं, की जायचं कुठे. प्रतिवादीच्या देशात गेलं तर संपूर्ण युरोपीय संघात नकलेच्या विक्रीला मनाई मिळू शकते. पण तिथली भाषा, तिथले वकील आणि तिथला खर्च सोसावा लागतो. माल विकला गेला त्या देशात गेलं तर आदेश त्या देशापुरताच. शिवाय भरपाई, हिशोब आणि माल नष्ट करणं यांसाठी त्या-त्या देशाचा कायदा लागतो, हे मोटारीच्या चाकांच्या रिमवरून झालेल्या २०२२च्या बीएमडब्ल्यू-अकाचिया निकालाने पक्कं केलं. खर्चाचं म्हणाल तर जर्मनीत हरलेल्याने जिंकलेल्याला द्यायच्या वकिलाच्या फीचे दर कायद्याने ठरवलेले आहेत, आणि इथे नेदरलँड्समध्ये बौद्धिक संपदेच्या खटल्यात हरणाऱ्यावर समोरच्याचा ‘वाजवी’ वाटेल तेवढा खर्च पडू शकतो. मोठ्या कंपनीचा विधी विभाग या फरकांचा नकाशा मांडून सोयीचा देश निवडतो. माझ्यासारखी बाई आकडेमोड करून दावा लावायचंच सोडून देते, आणि नकलाकाराला हे पुरेपूर माहीत असतं.

पेटंटसाठी आपल्यापैकी बऱ्याच देशांनी १ जून २०२३ रोजी एकीकृत न्यायालय सुरू केलं. डिझाइनचा सामायिक हक्क तर त्याच्या वीस वर्षं आधीपासून आहे, पण त्याच्यासाठी असं न्यायालय अजून कोणाच्या विचारातही दिसत नाही. सीमापारच्या छोट्या दिवाणी दाव्यांसाठी ५,००० युरोपर्यंत एक सोपी, कागदोपत्री चालणारी युरोपीय कार्यपद्धती आहे. डिझाइनचे दावे मात्र प्रत्येक देशाने नेमलेल्या खास न्यायालयांतच जातात. त्यात ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून वेगळं झालं, म्हणजे तिथे वेगळा अर्ज, वेगळी फी. त्याला आपण काही करू शकत नाही हे मला कळतं. पण आपल्या २७ देशांच्या आत तरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

तिसरी तक्रार नूतनीकरणाच्या शुल्काची. डिझाइनची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत २५ वर्षांपर्यंत टिकवता येते. पूर्वी त्या चार नूतनीकरणांना अनुक्रमे ९०, १२०, १५० आणि १८० युरो लागत, म्हणजे एकूण ५४०. आता लागतात १५०, २५०, ४०० आणि ७००, म्हणजे १,५००. अर्जाचं शुल्क ३५० युरोच राहिलं, एवढाच दिलासा. न वापरलेल्या नोंदींनी वही भरून जाऊ नये म्हणून पुढची नूतनीकरणं महाग केली, असं समर्थन केलं जातं. पण मोठ्या कंपनीला ७०० युरोंनी काहीच अडत नाही. अडतं ते चार-पाच वस्तू वर्षानुवर्षं थोड्या-थोड्या विकणाऱ्यांचं. बिडाचा दिवा हंगामापुरता चालणारा माल नाही. तो पंधराव्या वर्षीही विकला जातो आणि त्याची नक्कलही पंधराव्या वर्षी होते. छोट्या उद्योगांसाठीच्या निधीतून अर्जाच्या शुल्कातला ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग परत मिळतो, तेही तरतूद शिल्लक असेल तोवर. ही मदत सुरुवातीला उपयोगी पडते हे खरं. नवं ओझं मात्र पुढच्या वर्षांवर टाकलेलं आहे.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा वेदना म्हणून सांगते. गाड्यांच्या सुट्या भागांचा वाद घ्या. अपघातात चेपलेला दरवाजा किंवा फुटलेला दिवा मूळ कंपनीकडूनच घ्यायचा की कोणीही बनवलेला चालेल, हा प्रश्न आयोगाने १९९१च्या हरितपत्रात, म्हणजे चर्चेसाठी काढलेल्या दस्तऐवजात, मांडला. १९९८च्या निर्देशात तो न सोडवता ठेवला, २००४मध्ये प्रस्ताव आणला, २०१४मध्ये मागे घेतला, आणि अखेर २०२४मध्ये दुरुस्तीसाठीची सूट मान्य केली. तरी ज्या देशांत अशा भागांना आधीपासून संरक्षण होतं तिथे ते जुन्या नोंदींसाठी ९ डिसेंबर २०३२ पर्यंत चालू ठेवायची मुभा दिली. डिझायनर असूनही मी दुरुस्तीच्या बाजूची आहे. वस्तू दुरुस्त करायचा हक्क ग्राहकाला असलाच पाहिजे. पण यात मला दिसतं ते असं, की मोटार कंपन्यांसाठी आणि विमा कंपन्यांसाठी आपण तीस वर्षांहून जास्त काळ टेबलाशी बसून होता. एकट्या-दुकट्या डिझायनरचा विषय त्या टेबलावर आलाच नाही.

पाचवी तक्रार माहितीची. स्वतःचं डिझाइन पहिल्यांदा जगासमोर आल्यावर बारा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर आपल्याच वस्तूमुळे आपली नोंदणी रद्द होते. २०१८मध्ये क्रॉक्सच्या चपलांची नोंदणी अशीच गेली. चप्पल ठरलेल्या मुदतीच्या आधीच संकेतस्थळावर आणि फ्लोरिडातल्या बोटींच्या प्रदर्शनात झळकली होती. मार्च २०२४मध्ये प्यूमाच्या बुटाचं तेच झालं. कंपनीने अर्ज केला २०१६मध्ये, आणि गायिका रिहानाच्या पायात तसेच बूट असलेले इन्स्टाग्रामवरचे फोटो होते डिसेंबर २०१४चे. ज्या कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे त्यांचं असं होतं, तर तयार मालाचा फोटो कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला आणि फेसबुकवर टाकणाऱ्या कारखानदाराने काय करावं? त्यातून भारतातल्या अर्जदाराला आलिकांतेत अर्ज दाखल करण्यापुरतीच मोकळीक आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी युरोपीय आर्थिक क्षेत्रातला (युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड किंवा लिक्टेनस्टाइनमधला) प्रतिनिधी नेमावा लागतो. ही मुदत आणि ही अट साध्या शब्दांत सांगणारं एक पान प्रत्येक मोठ्या व्यापार प्रदर्शनाच्या अर्जाला जोडलं, तरी कितीतरी लोक या चुकीतून बचावतील.

आणि शेवटची, जी माझ्या गावाकडच्या लोकांशी जोडलेली आहे. जून २०२५मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये अंगठ्याच्या चपला दिसल्या आणि कोल्हापुरात संतापाची लाट उठली. नंतर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या वेळी अनेकांनी मला विचारलं, की आपण कोल्हापुरीचं डिझाइन युरोपात का नोंदवत नाही? उत्तर असं, की पिढ्यान्‌पिढ्या बनणारी चप्पल कायद्याच्या दृष्टीने नवी नाही, म्हणून ती कोणालाच नोंदवता येऊ नये. पण नवेपणा तपासलाच जात नसेल, तर उद्या कोणी किरकोळ फेरफार करून तोच आकार स्वतःच्या नावावर चढवला, तर त्याला अडवायची जबाबदारी कोणावर? चामडं कमावणाऱ्या आणि वेणी विणणाऱ्या कारागिरावर. त्याने आलिकांतेला अर्ज करायचा, शुल्क भरायचं, पुरावे जोडायचे. नव्या निर्देशात सांस्कृतिक वारशातले घटक उचललेल्या नोंदी नाकारायची मुभा सदस्य देशांना दिली आहे. पण ती राष्ट्रीय हिताच्या वारशापुरती आहे आणि वापरायची की नाही हे प्रत्येक देशावर सोडलं आहे. १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाची युरोपीय व्यवस्था त्याच आलिकांतेच्या कार्यालयात सुरू झाली आहे आणि ती बाहेरच्या देशांनाही खुली आहे. म्हणजे वारसा ओळखायचं काम आता हेच कार्यालय करतं. मग डिझाइनच्या नोंदींशी ती माहिती ताडून पाहायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या अशा:

नोंदणी रद्द करण्याची प्रशासकीय सोय निर्देशात ऐच्छिक असली तरी सर्व २७ देशांनी ती आपल्या कायद्यात आणावी, आणि निकालासाठी ठरावीक मुदत घालावी. आधीची नोंदणी असलेल्याने मागणी केली, तर अशा प्रकरणांना अग्रक्रम द्यावा.

तपासणी न झालेल्या डिझाइन प्रमाणपत्रावरून ऑनलाइन बाजारपेठेने कोणाचा माल उतरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या तारखा पाहणं बंधनकारक करावं. आधीची नोंदणी दाखवणाऱ्याचा माल वाद मिटेपर्यंत विक्रीला राहू द्यावा.

छोट्या रकमेच्या डिझाइन दाव्यांसाठी सर्व देशांत चालेल अशी एक सोपी कार्यपद्धती आखावी. सुनावणी दूरस्थ असावी, आणि हरणाऱ्यावर पडणाऱ्या खर्चाला कमाल मर्यादा असावी. आयोगाने याबाबतचा प्रस्ताव आणावा आणि तोवर प्रत्येक देशाने निदान खर्चाची मर्यादा आपल्या मसुद्यात घालावी.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना नूतनीकरणाचे शुल्क १ मे २०२५ पूर्वीच्या दराने आकारावे, किंवा लघुउद्योग निधीतून त्याचा परतावा द्यावा.

सांस्कृतिक वारशाची तरतूद सर्व देशांनी स्वीकारावी आणि ती फक्त स्वतःच्या देशाच्या वारशापुरती ठेवू नये. जिथे मूळ देशात भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिथे त्या देशाच्या संस्थेला विनाशुल्क हरकत घेता यावी.

बारा महिन्यांची मुदत आणि प्रतिनिधीची अट यांची सोप्या भाषेतली माहिती व्यापार प्रदर्शनांच्या आयोजकांमार्फत प्रत्येक सहभागी उद्योगाला द्यावी, बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांनाही.

आणि हे सगळं ठरवताना प्रत्येक देशाने छोटे स्टुडिओ, कारखानदार आणि कारागीर यांना मसुद्यावर लेखी मत देण्यासाठी बोलवावं. नेदरलँड्स सरकारकडे माझं लेखी निवेदन मी या पत्रासोबत देत आहे. इतर देशांत राहणाऱ्या मराठी डिझायनरांनी आणि निर्यातदारांनी आपापल्या अनुभवासह तिथल्या मंत्रालयांना लिहावं, अशी माझी जाहीर विनंती आहे. माझ्या निवेदनाचा मजकूर कोणालाही वापरायला मोकळा आहे.

आयोगाकडून मला या मुद्द्यांवर लेखी उत्तर हवं आहे. ९ डिसेंबर २०२७ नंतर आलेल्या उत्तराचा आम्हाला काही उपयोग होणार नाही.

आपली विश्वासू,
एक मराठी औद्योगिक डिझायनर
आइंडहोवन, नेदरलँड्स